दोन स्वतंत्र हातांची साक्ष



दोन माणसे एकमेकांशी बोलू लागली की त्यांच्यातील गैरसमज बहुधा बोलण्याच्या ओघातच दूर होतो. एकाचा शब्द दुसऱ्यास कळला नाही तर तो पुन्हा विचारतो, चेहऱ्यावरून ताडतो, मागचापुढचा संदर्भ लावतो. यंत्रास हे साधत नाही. एका संगणकाने धाडलेला निरोप दुसऱ्यास अक्षरशः समजला तर समजला. एका चिन्हाचा फरक पडला तरी तो नाकारला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच अर्थाने स्वीकारला जातो. यास्तव वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या संगणकीय भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांशी बिनचूक व्यवहार करू शकतात की नाही, हे आगाऊ तपासणे हे एक स्वतंत्र कार्य होऊन बसले आहे. या गुणास इंटरऑपरेबिलिटी म्हणतात. मराठीत त्यास परस्परव्यवहारक्षमता म्हणता येईल. आजच्या व्याख्यानाचा विषय या चाचणीतील एक मर्यादित परंतु महत्त्वाचा प्रश्न हा आहे : चाचणीसाठी लागणारा कोड यंत्राकडून तयार करून घ्यावा, की माणसाने तो हाताने लिहावा ?

हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटू नये म्हणून राजधानी दिल्लीच्या परिसरातील एक नित्याचा व्यवहार उदाहरणादाखल घेऊ. नोएडातील कारखानदार गुरुग्राममधील व्यापाऱ्यास माल विकतो आणि त्याचे बीजक करतो. वस्तू व सेवा कर देशात १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० पासून, पाचशे कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना आपले बीजक इलेक्ट्रॉनिक रूपाने शासनमान्य नोंदणी केंद्राकडे पाठविणे बंधनकारक झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. असे पहिले केंद्र नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर या, १९७६ साली स्थापन झालेल्या व नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या शासकीय संस्थेने उभारले. केंद्र बीजक तपासते, त्यास चौसष्ट चिन्हांचा एक नोंदणी क्रमांक देते आणि आपली अंकीय स्वाक्षरी करून ते परत पाठविते. ज्याला ही नोंदणी बंधनकारक आहे त्याने तिच्यावाचून काढलेले बीजक नियमाप्रमाणे बीजकच मानले जात नाही. आणि बीजक नाही म्हणजे खरेदीदारास भरलेल्या कराची वजावटही नाही.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, कारखानदाराचा प्रोग्रॅम कोणी, कोठे व कोणत्या भाषेत लिहिला हे केंद्रास ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. तारेवरून येतो तो केवळ मजकूर. उभयतांमधील दुवा एकच, तो म्हणजे करारपत्र. निरोपात कोणती क्षेत्रे असावीत, प्रत्येक क्षेत्रात संख्या असावी की अक्षरे, कोणते क्षेत्र अनिवार्य व कोणते ऐच्छिक, हे या करारपत्रात सांगितलेले असते. अशा रीतीने जाळ्यावरून मागणी स्वीकारून उत्तर देणाऱ्या व्यवस्थेस वेब सेवा असे म्हणतात.

करारपत्र यंत्रास वाचता येईल अशा काटेकोर भाषेत लिहिले की त्यावरून कोडही यंत्राकडूनच तयार करून घेता येईल, ही कल्पना ओघानेच आली. मे २००० मध्ये सोप नावाची निरोपपद्धती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. मार्च २००१ मध्ये तिच्या जोडीस डब्ल्यूएसडीएल ही करारपत्र लिहिण्याची भाषा आली. करारपत्र एका बाजूने घालावे आणि दुसऱ्या बाजूने सेवेशी बोलणारा कोड तयार मिळावा, अशी साधने जावा भाषेसाठी आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट व्यवस्थेसाठी लवकरच उपलब्ध झाली. परंतु एका साधनाने घडविलेला निरोप दुसऱ्या साधनाने घडविलेल्या कोडास कळेना, असा अनुभव येऊ लागला. त्या काळच्या सी-शार्प भाषेत तारीख रिकामी ठेवता येत नसे, जावामध्ये ती ठेवता येई. सी-शार्पमध्ये ऋण नसलेल्या पूर्णांकांसाठी वेगळे प्रकार होते, जावामध्ये तसे नव्हते. प्रत्येक साधन करारपत्राचा अर्थ आपल्या भाषेच्या सोयीने लावीत असे. हा गोंधळ निवारण्यासाठी फेब्रुवारी २००२ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून डब्ल्यूएस-आय ही संस्था स्थापन केली. तिने सोपच्या मोकळ्या नियमांना कात्री लावून एक मर्यादित, सर्वमान्य आराखडा सिद्ध केला आणि ज्या लेखनपद्धतीमुळे सर्वाधिक घोटाळे होत तिला त्यातून वगळले. २०१० साली ही संस्था ओअॅसिस या प्रमाणसंस्थेत विलीन झाली.

पुढे सोपचे प्रस्थ ओसरले. आधारच्या प्रमाणीकरणासाठी साध्या एक्सएमएल मजकुराचा, तर वस्तू व सेवा कराच्या व्यवहारासाठी जेसन या लेखनपद्धतीचा अवलंब करण्यात आला. वेष बदलला, तरी प्रश्न तोच राहिला.

प्रथम यंत्रनिर्मित कोडाची बाजू पाहू. ती दुबळी नाही. शेकडो क्षेत्रे असलेल्या बीजकाचा कोड हाताने लिहिताना माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला हात चुकतो. एखाद्या नावातील मोठ्या लिपीतील अक्षर तो छोट्या लिपीत लिहितो, अनिवार्य क्षेत्र विसरतो, दोन सारख्या नावांची अदलाबदल करतो. यंत्र असे करीत नाही. शिवाय निरोपलेखनाचे बारीक नियम त्यास पक्के ठाऊक असतात. एक साधे उदाहरण पुरे. व्यापारी पेढ्यांच्या नावात ‘आणि’ या अर्थाचे & हे चिन्ह सर्रास असते. एक्सएमएलमध्ये हेच चिन्ह विशेष कामासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे ते नावात जसेच्या तसे लिहिता येत नाही; त्याऐवजी ठरावीक संकेत लिहावा लागतो. अक्षरांस अक्षरे जोडून हाताने निरोप तयार करणारा प्रोग्रॅमर हे विसरला तर त्याचा प्रोग्रॅम शंभर ग्राहकांसाठी सुरळीत चालतो आणि एकशेएकाव्या ‘अमुक & सन्स’पाशी कोसळतो. यंत्रनिर्मित कोड हा संकेत आपोआप लिहितो.

हस्तलिखित कोडाची आणखी एक उणीव राजधानी क्षेत्रात विशेष जाणवण्यासारखी आहे. करदात्याच्या पंधरा चिन्हांच्या नोंदणी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. हरियाणाचा संकेतांक ०६, दिल्लीचा ०७, राजस्थानचा ०८ आणि उत्तर प्रदेशाचा ०९. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र दिल्ली व तीन राज्यांच्या भूमीवर पसरले आहे, आणि त्या चारहींचा संकेतांक शून्याने सुरू होतो. आता असे धरून चाला की पुण्यातील एका प्रोग्रॅमरने संकेतांक म्हणजे संख्याच, असे समजून तो पूर्णांक म्हणून साठविला. महाराष्ट्राचा संकेतांक २७. त्यास काहीच होत नाही. चाचणीतील सर्व बीजके महाराष्ट्रातीलच असली तर चाचणी निर्वेध पार पडते. दिल्लीचे पहिले बीजक येते तेव्हा मात्र ०७ मधील शून्य गळून नुसते ७ उरते. करारपत्रात ते क्षेत्र अक्षरमाला म्हणून नोंदविलेले असेल तर यंत्रनिर्मित कोड ही चूक करणार नाही. माणसाने मात्र करारपत्र न वाचता नमुन्यावरून अंदाज बांधला, आणि नमुन्याने त्यास चकविले.

इतके ऐकल्यावर श्रोत्यांस वाटेल की वादाचा निकाल लागला. सर्व कोड यंत्राकडूनच करून घ्यावा हे उत्तम. परंतु नाण्याची दुसरी बाजू याहून विचार करण्याजोगी आहे.

करारपत्राचे वस्तुतः दोन भाग असतात. एक भाग यंत्रास वाचता येणारा, म्हणजे क्षेत्रांची नावे, प्रकार, मर्यादा. दुसरा भाग माणसांसाठी गद्यात लिहिलेला, म्हणजे अटी, अपवाद, खुलासे. कोड तयार करणारे साधन पहिलाच भाग वाचते. गद्य त्याच्या लेखी नसतेच. याचे उत्तम उदाहरण आधारच्या प्रमाणीकरणात सापडते. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. प्राधिकरणाचे मुख्यालय नवी दिल्लीत असून त्याच्या दोन माहिती केंद्रांपैकी एक गुरुग्रामजवळच्या मानेसर येथे व दुसरे बंगळूरमध्ये आहे. प्रमाणीकरणाच्या निरोपात, ओळखीची माहिती कोणत्या क्षणी घेतली ती वेळ लिहावी लागते. विनिर्देशाच्या गद्यात असे सांगितले आहे की वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद एवढेच लिहावे. कालविभाग लिहू नये, वेळ भारतीय प्रमाणवेळच समजली जाईल.

आता एक्सएमएलमधील ‘दिनांक व वेळ’ या सर्वसामान्य प्रकारात कालविभाग लिहिण्यास पूर्ण मुभा असते. अशा प्रकारावरून तयार झालेला कोड पुष्कळदा वेळेच्या मागे सेकंदाचे सहस्रांश आणि ‘अधिक साडेपाच तास’ असा शेरा जोडतो. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष असतो. चाचणीसाठी उभा केलेला सर्व्हरही त्याच साधनाने घडविलेला असेल तर तो हा शेरा आनंदाने वाचतो, आणि चाचणी उत्तीर्ण होते. गद्यातील नियम मात्र मोडलेला असतो. येथे पाठविणाराने केलेली आगळीक स्वीकारणाराने पाठीशी घातली, कारण दोघेही एकाच घरचे होते. हाताने लिहिणाऱ्या माणसाने गद्य वाचले असते तर हा नियम त्याच्या दृष्टीस पडला असता. अर्थात तोही निर्धास्त राहू शकत नाही. त्याने यंत्राचे घड्याळ जसेच्या तसे उचलले आणि ते यंत्र जागतिक प्रमाणवेळेवर चालत असले तर त्याची वेळ साडेपाच तास मागे पडते.

याहून सूक्ष्म धोका असा. सेवा देणाऱ्या संस्थेतील कोणी करारपत्रातील एका क्षेत्राचे नाव अनवधानाने बदलले असे समजा. करारपत्रावरून सर्व्हरचा कोड नव्याने तयार झाला, चाचणीच्या क्लायंटचा कोडही नव्याने तयार झाला. दोन्हीकडे एकच बदल एकाच वेळी घडल्यामुळे चाचणी पूर्ववत उत्तीर्ण होते. परंतु बाहेरच्या जगात शेकडो संस्था जुन्याच नावाने निरोप पाठवीत असतात, आणि त्या सर्वांचे व्यवहार एका सकाळी बंद पडतात. जी चाचणी करारपत्राबरोबर स्वतःही बदलते ती करारपत्राची राखण करू शकत नाही. उलट, एका साध्या फायलीत हाताने लिहून ठेवलेला जुना निरोप बदलत नाही. तो नाकारला गेला की दिलेले वचन कोणीतरी मोडले आहे, हे तत्काळ उघड होते.

छापखान्यात मजकूर जुळविणाऱ्या जुळाऱ्याकडे मुद्रिते तपासण्याचे काम देत नसत, कारण जो गैरसमज जुळवताना झाला तोच तपासताना होणार. एकाच दुभाष्याने मराठीचे हिंदी केले आणि त्याच दुभाष्याने त्या हिंदीचे पुन्हा मराठी केले, तर दोन्ही मराठी मजकूर जुळतात. एवढ्यावरून हिंदी बरोबर होते असे सिद्ध होत नाही. दुभाषा स्वतःशी सुसंगत आहे इतकेच सिद्ध होते. एकाच साधनातून निघालेल्या क्लायंट व सर्व्हरची चाचणी ही याच जातीची होय.

हे तत्त्व संगणकांच्या जाळ्याइतकेच जुने आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टीसीपी व आयपी यांच्या चाचणीस्पर्धेविषयीच्या एका टिपणात गुणांची पद्धत दिली आहे. त्यात स्वतःशी जोडणी साधता आल्यास एक गुण आणि दुसऱ्या कोणाशी ती साधता आल्यास दोन गुण, अशी योजना होती. स्वतःशी बोलता येणे ही पहिली पायरी. ती नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिचे मोल कमी. पुढे ऑक्टोबर १९९६ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणांविषयी जी कार्यपद्धती ठरली तिच्यात, एखाद्या विनिर्देशास वरची पायरी मिळण्यासाठी निदान दोन स्वतंत्र व परस्परव्यवहारक्षम रचना असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या कोडातून निर्माण झालेल्या असाव्यात, अशी अट घालण्यात आली. यातील स्वतंत्र हा शब्द कळीचा आहे. दोन हात एकाच मेंदूने हलविले तर ती दोघांची साक्ष होत नाही.

मराठी वाचकास जवळचा वाटेल असा एक प्रश्न येथे विचारात घेणे उचित होईल, कारण यंत्रनिर्मित व हस्तलिखित हे दोन्ही कोड तेथे सारखेच अडखळतात. आधार प्रमाणीकरणाच्या विनिर्देशात व्यक्तीचे नाव भारतीय भाषेत पाठवून पडताळण्याचीही तरतूद करण्यात आली, आणि त्यासाठी भाषांना संकेतांक देण्यात आले. मराठीचा संकेतांक १३. करारपत्राच्या दृष्टीने नाव म्हणजे केवळ अक्षरमाला. परंतु ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त अशा रीतीने लिहिल्यास शब्दात सहा चिन्हे होतात. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा रीतीने लिहिल्यास सात होतात. यूटीएफ-८ पद्धतीत यांतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळे पहिला शब्द अठरा बाइटांचा आणि दुसरा एकवीस बाइटांचा होतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास ते दोन भिन्न शब्द वाटतात. युनिकोडने ठरविलेल्या प्रमाणीकृत रूपात आणूनही हे दोन एक होत नाहीत.

या प्रमाणीकरणाच्या उत्तरात ‘होय’ किंवा ‘नाही’ येते आणि नकारासोबत कारणाचा क्रमांक येतो. व्यक्तीची वैयक्तिक माहिती जुळली नाही तर १००, बोटांचे ठसे वा तत्सम खूण जुळली नाही तर ३००, आणि निरोपाची घडणच सदोष असली तर पाचशेच्या घरातील क्रमांक. माणूस तो नव्हे, आणि प्रोग्रॅम चुकला, या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या ठेवल्या आहेत. तथापि अक्षरांची तुलना केवळ बाइटांवरून झाली तर अर्ध्या र-चा दोष शंभराच्या खात्यात जमा होतो. चूक लेखनाची, आणि ठपका माणसाच्या ओळखीवर, अशी ती अवस्था होईल. कोणतेही कोडनिर्माते साधन हा शब्द आपण होऊन चाचणीत घालणार नाही. तो शब्द सुचण्यासाठी मराठी लिहिणारा माणूसच हवा.

ई-बीजकातही असाच प्रश्न उद्भवला. नोंदणी क्रमांक विक्रेत्याचा कर-क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक या चार गोष्टींवरून एका गणिती प्रक्रियेने काढला जातो. त्या प्रक्रियेत एक अक्षर बदलले की चौसष्ट चिन्हांचा सबंध क्रमांकच पालटतो. पुढे खासगी कंपन्यांची नोंदणी केंद्रेही सुरू झाल्यामुळे, एकच बीजक कोणत्याही केंद्रात गेले तरी क्रमांक तोच निघाला पाहिजे, ही गरज अधिक तीव्र झाली. बीजकाच्या क्रमांकातील रोमन अक्षरे मोठ्या लिपीतील असोत वा छोट्या, क्रमांक काढताना ती मोठ्या लिपीतीलच मानली जावीत, असा नियम जून २०२५ पासून अमलात आला. प्रत्यक्ष व्यवहाराने दाखविलेली संदिग्धता गद्याच्या एका वाक्याने अशी मिटवावी लागते.

मग व्यवहारात कोणता मार्ग धरावा ? अनुभवी मंडळींची पद्धत साधारणतः अशी असते. नित्याचा, अवजड व क्षेत्रांनी भरलेला कोड यंत्राकडून करून घ्यावा आणि त्यात हाताने ढवळाढवळ करू नये. अन्यथा पुढच्या वेळी कोड नव्याने तयार करताना ती दुरुस्ती पुसली जाते. चाचणीत क्लायंट व सर्व्हर एकाच साधनाचे नसावेत. निदान एक बाजू दुसऱ्या भाषेतील, दुसऱ्या साधनाने घडविलेली असावी. याशिवाय थोडे निरोप माणसाने हाताने, विनिर्देशाचे गद्य समोर ठेवून लिहावेत. प्रत्येक नियमासाठी एक नियम पाळणारा आणि एक मुद्दाम मोडणारा असे दोन निरोप असावेत, कारण योग्य ते स्वीकारणे जितके आवश्यक तितकेच अयोग्य ते नाकारणेही आवश्यक आहे. या निरोपांत शून्याने सुरू होणारा संकेतांक असावा, & चिन्ह असलेली पेढी असावी, मध्यरात्रीची वेळ असावी, आणि दोन रीतींनी लिहिलेले कऱ्हाड असावे. हे निरोप मोजकेच असणे इष्ट, कारण हाताने लिहिलेले सर्व काही हातानेच सांभाळावे लागते.

हस्तलिखित व यंत्रनिर्मित यांतील श्रेष्ठ कोण, हा वाद अशा रीतीने पाहिला असता गौण ठरतो. यंत्र करारपत्राची अक्षरे न थकता पाळते. माणूस त्याचा आशय वाचतो आणि यंत्रास न सुचणारी शंका काढतो. चाचणीचे काम या दोहोंना एकमेकांसमोर उभे करण्याचे आहे. नोएडाच्या कारखानदारास आपले बीजक का नाकारले गेले, किंवा कऱ्हाडच्या पेन्शनरास आपली ओळख का पटली नाही, हे कधीच कळणार नसते. त्यांच्या हाती केवळ एक क्रमांक पडतो. त्यांच्या वतीने शंका घेण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर असते, आणि ती एकाच साधनाच्या एकमुखी ग्वाहीवर सोपवून त्यास मोकळे होता येणार नाही.